दोनच सीटांची गाडी

मोहॉक, मिशिगन
मार्चअखेर

प्रिय कोरीन,

सिल्व्हिया गेली. फेब्रुवारीच्या मध्यावर, दुपारी, आपल्याच घरात, खिडकीकडे तोंड करून. शेवटी हृदयानेच दगा दिला, पण त्या वादळानंतर तिला बरीच वर्षं जास्तीची मिळाली आणि ती कुणामुळे मिळाली हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. आमचा रॉय आला होता. आताच्या बायकोला घेऊन आला, चार दिवस राहिला आणि ग्रीन बेला परत गेला. जमीन अजून दगडासारखी आहे, त्यामुळे दफन मे महिन्यात. तोवर ती दफनभूमीच्या दारातल्या दगडी खोलीत आहे. रोज तिथवर जाऊन येतो. आत जाता येत नाही, पण गेलो नाही तर दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नाही.

तुझं नाताळचं कार्ड तिने पाहिलं होतं. तुझ्याकडे थंडीतही कॅमेलिया फुलतात हे तिला खरंच वाटेना. यंदा इथे बर्फ फार पडला. स्वयंपाकघराची खिडकी अजून अर्धी बुजलेली आहे. छतावरचा बर्फ उतरवायला शेजारचा वाइनो येतो, मला शिडीला हात लावू देत नाही. म्हणतो, ‘आर्वो, तू पडलास तर मला पाव कोण देणार?’ पाव मी कुणालाच देत नाही आता. भट्टी थंड आहे. सकाळी मात्र सवयीने अंधारातच जाग येते, मग खुर्चीत बसून राहतो.

तसं बसल्यावर तुझी गाडी आठवते. त्या ऑक्टोबरात जॉर्जियाहून तू तिच्यात बसून आलीस, तेव्हा आम्ही तिघं दारात उभे होतो. हिरवी, ठेंगणी, दोन सीटांची, छत कापडाचं. तू उतरलीस ती जमिनीतून उगवल्यासारखी. सिल्व्हिया माझ्या कानात पुटपुटली, ‘ही गाडी आहे की बुटाचा खोका?’ आणि मग तुला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, ‘पहिल्याच बर्फात हिला काठी खुपसून शोधावं लागेल हं.’ तू हसलीस. तुला वाटलं, सासूबाई थट्टा करताहेत. नंतर कळलं असेल की ती थट्टा करत नव्हती.

रॉयने तुझ्यासाठी चारही चाकं ओढणारा ट्रक ठरवून ठेवला होता. त्याचंही चुकलं नव्हतं म्हणा. तुझं कामच असं, रोज एका नव्या गावच्या शाळेत जायचं, अडखळत बोलणाऱ्या पोरांना बोलतं करायचं आणि परत यायचं. तेही इथल्या हिवाळ्यात. पण तू ट्रकच्या किल्लीला हात लावला नाहीस. ‘थिओची गाडी शेडमध्ये झाकून ठेवायला मी इथवर चालवत आणली नाही,’ म्हणालीस. थिओ तुझा भाऊ, त्याला जाऊन तेव्हा वर्षसुद्धा झालं नव्हतं. रॉयने खांदे उडवले आणि तो सरोवरावर मासे धरायला निघून गेला. तुमच्या दोघांमधली ती पहिली गप्प बसण्याची वेळ मी पाहिली. पुढे त्या वाढत गेल्या. तुम्ही दोघं वरच्या मजल्यावर राहायचात, तिथून भांडणाचा आवाज येतो का म्हणून मी खालून कान द्यायचो. कधी आला नाही, आणि त्यामुळे मला वाटायचं, चाललंय ठीक.

आमच्या तरुणपणी सगळ्याच गाड्यांची मागची चाकं ढकलायची, त्यामुळे तुझ्या गाडीचं मला नवल नव्हतं. पावाची व्हॅन मी तशीच चालवली. तुला चर्चच्या आवारात घेऊन गेलो, रविवारची प्रार्थना संपल्यावर, मोकळ्या बर्फावर. डिकीत वाळूची पोती टाकली, चारही चाकांना हिवाळी टायर चढवले. आणि तू पहिल्याच वळणावर भोवऱ्यासारखी गरगर फिरलीस. ‘पप्पा, ही मागून पुढे यायला बघतेय,’ तू ओरडलीस. मी म्हणालो, ‘येऊ दे. तू तिच्याकडे बघू नकोस. जायचंय तिकडे बघ आणि हात तिकडे जाऊ देत. ब्रेकवर पाय पडला की संपलं.’ तू पुन्हा फिरलीस, पुन्हा फिरलीस. पाद्रीबाई खिडकीतून बघत होत्या. संध्याकाळी तू वाफेच्या अंघोळीच्या खोलीतून लाल होऊन बाहेर आलीस आणि म्हणालीस, ‘मला आता कळलं, ती घसरत नाही, विचारते, कुठे जायचंय म्हणून.’ मला हे बोलणं इतकं आवडलं की मी ते सिल्व्हियाला सांगितलं. ती म्हणाली, ‘गाड्या विचारायला लागल्या तर माणसांनी काय करायचं?’

पण मग तू शिकलीस. दुसऱ्या गिअरमध्ये हळूच निघायचं, बर्फ लोटणारी गाडी पुढे गेली की तिच्या मागे लागायचं, चढाला थांबायचं नाही. गाडी इतकी खाली की ताजा बर्फ पोटाखाली दाबला जायचा आणि ती त्याच्यावर पालथी बसायची, चाकं हवेत. फावडं घेऊन तू पोटाखालून बर्फ काढत बसायचीस. वाइनो जाता-येता तुला विचारायचा, ‘काय सूनबाई, बदकीण अंड्यांवर बसली का?’ तू म्हणायचीस, ‘बसलीय, पिल्लू निघालं की तुम्हाला देते.’ तिसऱ्या हिवाळ्यापर्यंत त्यानेच आपल्या पुतणीला तुझ्याकडे गाडी शिकायला पाठवलं होतं.

त्याच हिवाळ्यातला तो दिवस. सकाळपासून वारा सरोवरावरून येत होता, दुपारी समोरचं घर दिसेना. तू लवकर परत आलीस. शाळा सोडून दिल्या असतील, असं मी धरून चाललो. तू गाडीतून उतरतच होतीस आणि सिल्व्हिया स्वयंपाकघरात ओट्याला धरून खाली बसली. चेहरा पिठासारखा पांढरा. अँब्युलन्सवाल्यांनी फोनवर सांगितलं, रस्त्यात मोठा ट्रक आडवा झालाय, तो हलवला की येतो, किती वेळ लागेल सांगता येत नाही. रॉय लांब मार्क्वेट शहरात कामावर. माझी गाडी गॅरेजमध्ये आणि गॅरेजच्या दारावर छतावरचा सगळा बर्फ कोसळलेला. उरली तुझी. मी म्हणालो, ‘किल्ली दे, मी चालवतो.’ तू म्हणालीस, ‘पप्पा, तिला माझ्या पायांची सवय आहे. तुम्ही यांना उचला.’ आम्ही दोघांनी तिला त्या ठेंगण्या सीटवर बसवलं, पट्टा लावला. आणि मग माझ्या लक्षात आलं की मला जागाच नाही.

लग्नाला इतकी वर्षं झालेली आणि बायकोला इस्पितळात नेताना मी दारात उभा. तू काच खाली करून म्हणालीस, ‘मागची वाट मोकळी आहे, तिकडून नेते. तुम्ही आत जा, गारठाल.’ मी आत गेलो नाही. मागचे लाल दिवे दोन क्षण दिसले, मग पांढरं. पुढे ट्रक अडकला होता तिथून तू शेताच्या कडेने कशी काढलीस, इस्पितळाच्या गावाचा, हॅन्कॉकचा, तो सरळसोट उतार ब्रेकला पाय न लावता कशी उतरलीस, हे मला इस्पितळातल्या माणसांकडून कळलं. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर हाती काही लागलं नसतं. गावात तुझी गोष्ट झाली. बेकरीत येणारा प्रत्येक जण विचारायचा, ‘कुठेय ती हिरवी बदकीण?’

सिल्व्हिया घरी आली आणि बदलली. तुझ्या गाडीला पुन्हा नाव ठेवलं नाही. तुझ्या थाळीत मोठा तुकडा पडायला लागला. पण तुझ्याकडे बघायची नाही. मी एकदा विचारलं, ‘वाटेत काय बोललात दोघी?’ म्हणाली, ‘वादळात कोण बोलतं?’ मला वाटलं, मरणाच्या तोंडातून परत आलेलं माणूस असंच होत असेल.

मग पुढचे दोन हिवाळे. रॉय आठवड्याला एकदा घरी यायचा, मग पंधरवड्याला. तू तशीच शाळांना जायचीस. एका वसंतात त्याने ग्रीन बेचं काम घेतलं आणि तुला ये म्हणालाच नाही. मला हे तुझ्याकडून कळलं, त्याच्याकडून नाही. जूनमध्ये तू कापडी छत खाली करून, सामान बाजूच्या सीटवर बांधून निघालीस. मी फाटकाशी होतो. सिल्व्हिया बाहेर आली नाही. तिच्या त्या वागण्याचा मला फार राग आला होता, आणि तो मी अनेक वर्षं जपला. जिने जीव वाचवला तिला निरोप द्यायला पाय उंबऱ्याबाहेर पडू नये?

आता जे सांगायला हे पत्र लिहायला घेतलं ते सांगतो. मरणाच्या आदल्या आठवड्यात, ऊन चांगलं पडलं होतं तेव्हा, सिल्व्हियाने मला पलंगाजवळ बसवलं. म्हणाली, ‘आर्वो, त्या दिवशी कोरीन शाळेतून परत आली नव्हती. ती घर सोडून गेली होती. सकाळी दोन बॅगा गाडीत ठेवताना मी तिला खिडकीतून पाहिलं होतं. पुढे हायवे बंद केला म्हणून तिला मागे फिरावं लागलं.’ मग ती म्हणाली, ‘मला छातीत कळा येत होत्या, आणि डोक्यात एकच, मी मेले तर रॉयजवळ कुणी राहणार नाही. हॅन्कॉकच्या उताराच्या तोंडाशी मी तिला म्हटलं, मी वाचले तर माझ्या मुलाला सोडून जाऊ नकोस, शब्द दे. जागा मी बघून निवडली, आर्वो. तिचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, नजर रस्त्यावर. वाद घालायला तिला फुरसत नव्हती. ती हो म्हणाली. आणि त्या मुलीने तो शब्द पाळला. तो तिला सोडून गेला तेव्हाच ती गेली. माझा जीव वाचवण्याबद्दल मी तिची दोन वर्षं घेतली. फाटकाशी कोणत्या तोंडाने येणार होते?’ मी विचारलं, तूच का नाही लिहिलंस तिला इतक्या वर्षांत? म्हणाली, ‘ती माफ करेल याची भीती वाटायची. तू लिही. मी गेल्यावर लिही.’ तर मी लिहितो आहे. तिने माफी मागितली आहे, कोरीन. तिच्या वतीने ती तुझ्या हाती देतो. ठेवायची की टाकायची, ते तुझं. माझ्या वतीनेही मागावी म्हणून गेला महिनाभर कागद घेऊन बसतोय. तू वर राहत होतीस, जायला निघाली होतीस, आणि मला दिसलं नाही, याचं वाईट वाटतं, फार वाटतं. पण त्या दोन हिवाळ्यांतल्या सकाळी तू शाळेला निघण्याआधी भट्टीशी यायचीस, वेलदोड्याच्या गरम पावाचं टोक मोडून उभ्याउभ्याच खायचीस, आणि आदल्या दिवशी कुठल्या पोराने कुठला शब्द न अडखळता म्हटला ते मला सांगायचीस. त्या सकाळी तुझ्याकडून हिसकावलेल्या होत्या हे आता मला माहीत आहे. तरीही त्या मला मिळायला नको होत्या, असं लिहायला गेलो की हात पुढे सरकत नाही.

तुझाच,
आर्वो