वाढत्या अंगाचा सूट

तीर्थरूप आत्या,

तुला वाकून नमस्कार. हा लिहायची रीत म्हणून लिहिलेला नमस्कार नाही. मी खरोखरच वाकलेली आहे आणि मला सरळ होता येत नाही. त्याचं कारण पुढे येईलच. तू कशी आहेस? आतोबांचा खोकला थांबला का? आणि तुझा गुडघा काय म्हणतो? (गुडघ्याची चौकशी मी जरा जास्तच आस्थेनं करते आहे असं तुला वाटेल. तसं आहेच, पण तेही पुढे.) इकडे आई बरी आहे, बाबा बरे आहेत, आणि मी रविवारपर्यंत तरी बरी आहे.

रविवारी मी माझी मोटरसायकल घेऊन सर्किटवर जाणार आहे. सर्किट म्हणजे शर्यतीच्या गाड्यांसाठी बांधलेला वळणावळणांचा बंद रस्ता. तो इतका आडबाजूला आहे की शेवटच्या पेट्रोल पंपानंतर वाट विचारायला झाडसुद्धा नाही म्हणे. वर्षातले काही दिवस तो साध्या माणसांना खुला करतात. आपली गाडी न्यायची, शिकवणाऱ्याच्या मागे फेऱ्या मारायच्या आणि घरी यायचं. शर्यत नसते. हे मी आईला चारदा समजावलं, तरी ती विचारते, "पण नंबर कितवा येईल?" पहिलीपासून पदवीपर्यंत तिनं हा एकच प्रश्न विचारला आहे, आता तिची सवय कशी मोडणार?

तू म्हणशील, एवढीशी भित्री पोर, हिला हे कुठून सुचलं? आत्या, भित्री आहे म्हणूनच सुचलं. दिवसभर मी विमा ऑफिसात अपघातांचे अर्ज तपासते. रस्त्यावर माणसाला काय काय आडवं येऊ शकतं ते मला तोंडपाठ आहे: उघडणारी दारं, पाठीमागे बघत चालणारे लोक, कुत्री, आणि एकदा तर गच्चीवरून पडलेली गादी. त्यामुळे मी रस्त्यानं अशी जाते की सायकलवाले मला ओलांडताना "काही बिघडलंय का ताई?" म्हणून विचारतात. आपल्या अंगणात वळतानाही मी इंडिकेटर देते. गाडी घेऊन तीन वर्षं झाली, पण तिचा वरचा गिअर अजून कोरा आहे. आणि जगात एक जागा अशी आहे जिथे सगळे एकाच दिशेनं जातात, समोरून कुणीही येत नाही, आणि कडेला ॲम्ब्युलन्स आधीच येऊन उभी असते! हे कळल्यापासून मला घरात बसवेना, ऑफिसात बसवेना. जेवताना मी टेबलाखाली पायानं गिअर बदलते, त्यात दोनदा आईला लाथ बसली आहे. एकदा, आत्या, फक्त एकदा, मागेपुढे न बघता मला जोरात जायचं आहे. (आरसे तसेही काढूनच ठेवायला सांगतात. ते वाचल्यापासून मी आरशांना रोज दोनदा पुसते आहे.)

तयारी मी मन लावून करते आहे. सर्किटच्या ऑफिसातला माणूस फार सोशीक आहे. ॲम्ब्युलन्स नक्की कुठे उभी असते, तिचं तोंड कुठल्या दिशेला असतं, ड्रायव्हर जेवायला गेला तर किल्ली कुणाकडे असते, असं सगळं मी विचारून घेतलं. हल्ली मी "हॅलो" म्हटलं की तो म्हणतो, "बोला ॲम्ब्युलन्सवाल्या ताई."

पण खरी गोष्ट सूटची. आपल्या घरात शाळा पुरी केलेली मी पहिली, त्यामुळे घरात येणारा कुठलाही छापील कागद, अगदी औषधाच्या बाटलीतला सुद्धा, मी मोठ्यानं वाचायचा आणि सगळ्यांनी शेवटपर्यंत ऐकायचा अशी पद्धत आहे. तशी सर्किटची नियमावलीही मी बाबांच्या शिवणाच्या दुकानात बसून वाचत होते. "अंगात एकसंध चामड्याचा सूट हवा, तो अंगाला घट्ट बसणारा हवा," इथवर आले आणि मला पुढे वाचता येईना, कारण बाबांनी माझ्या गळ्याभोवती टेप टाकली होती. पुढचं वाक्य असं होतं: "सूटवर मान्यताप्राप्त कंपनीचं लेबल हवं, नसल्यास इथे भाड्यानं मिळेल." ते मी नंतर वाचणार होते. आज, उद्या, परवा करत ते राहिलं.

कारण बाबांना असं कधी पाहिलंच नव्हतं गं! तीस वर्षं लोकांच्या पँटी आखूड करणारा माणूस, आणि त्यांना एकदम चामडं शिवायचं होतं! आपलं मशीन चामड्यापुढे हरलं, सुया कटाकट मोडल्या. मग शेजारच्या गाळ्यातले सीटवाले काका (गाड्यांना सीटकव्हरं शिवतात ते, गेल्या खेपेला तुझ्या गुडघ्याला सीटचा फोम बांध म्हणाले होते) त्यांचं जाड शिलाईचं मशीन घेऊन आले. चामडंही त्यांचंच, कुठल्याशा मोठ्या मोटारीतून उतरवलेलं. त्यामुळे सूट पाठीवर बदामी आणि पायांत तपकिरी आहे, आणि पाठीवर सीटला असतात तशा उभ्या शिलाया आहेत. आई म्हणाली, "दुकानात पाठमोरी उभी राहू नकोस, गिऱ्हाईक बसेल तुझ्यावर." तुझी कात्री (तू सासरी जाताना बाबांच्या हातात ठेवलीस ती, जिला ते आईलाही हात लावू देत नाहीत) पहिल्यांदाच चामड्यावर चालली. काका म्हणाले, "मास्तर, हे माणसाचं नाही, सीटचं काम आहे, माझ्यावर सोडा." बाबा म्हणाले, "तुमच्या सीटा कधी हात वर करतात का?" या एका वाक्यावर दोघं दोन दिवस बोलत नव्हते, पण मशीन एकच असल्यामुळे एकमेकांना चिकटून बसत होते.

आता मी वाकलेली का, ते. आधी बाबांनी मला उभी करून माप घेतलं, तर गाडीवर बसल्यावर सूट पाठीत ओढायला लागला. मग त्यांनी गाडीच दुकानात आणली, मला तिच्यावर ओणवी बसवली आणि तसाच सूट अंगावर बेतला. बँकेचे मॅनेजर कोटाच्या ट्रायलला आले होते, ते माझ्यामागे रांगेत उभे राहिले आणि थोड्या वेळानं विचारू लागले, "सिग्नल कधी सुटणार?" आता सूट गाडीवर छान बसतो, फक्त उतरल्यावर मी सरळ होत नाही. आज ट्रायल म्हणून तो दिवसभर घालायचा असं फर्मान आहे, म्हणून हे पत्रही मी ओणवं होऊन लिहिते आहे. आणि एवढं असून, आत्या, शिवणीच्या आत दोन्ही बाजूंनी दोन-दोन इंच दाबून ठेवले आहेत! माझे शाळेचे सगळे गणवेश असेच होते. गणवेश पुढच्या वर्गातला आणि आत मी मागच्या वर्गातली. मी म्हटलं, "बाबा, मी सव्वीस वर्षांची आहे." तर म्हणाले, "अंग आहे, वाढायचं राहतं का?" शिवाय छातीला आतून खिसा आहे, रुमालासाठी. कॉलरच्या आत आपल्या दुकानाचं लेबल आहे. ते त्यांनी अगदी शेवटी, हातानं लावलं, आणि चष्मा काढून लांबून पाहिलं. आता तूच सांग, ते राहिलेलं वाक्य मी कुठल्या तोंडानं वाचू?

मी असं ठरवलं होतं की घरून सूट घालून निघायचं, तिथे गुपचूप भाड्याचा घालायचा, आणि येताना पुन्हा हा. यात मी खोटं काहीच बोलत नव्हते. (बोलत नव्हते ना? मी यावर बरीच रात्र घालवली आहे.) पण काल बाबा म्हणाले, "रविवारी दुकान बंद. मी येतो. चालताना कसा दिसतो ते बघितल्याशिवाय कपडा पुरा होत नाही." आत्या, बाबा माझ्या पदवीदानाला आले नव्हते, कारण दोन सफारी सूट शिवून द्यायचे होते. काकांच्या टेम्पोत गाडी मागे, बाबा पुढे, आणि फाटकात तपासनीस माझी कॉलर उलटी करणार! ते लेबल तो बाबांच्या देखत वाचणार. सर्किटवर मला वळणांची भीती वाटत नाही, मला त्या फाटकाची वाटते.

असो. पत्र लांबलं. आतोबांना नमस्कार, आणि तब्येत सांभाळ. (म्हणजे किती सांभाळायची, ते खाली लिहिते.)

तुझी,
सध्या काटकोनात असलेली भाची

ता. क. खरं काम असं आहे. बाबा फक्त तुझ्यासाठी बेत बदलतात. तू खोटं आजारी पडावंस असं मी कधीही म्हणणार नाही. पण गुडघा नाहीतरी दुखतोच, तर तो शनिवारी संध्याकाळी जरा मनापासून दुखला आणि तू तसं कळवलंस, तर त्यात खोटं काही नाही. वाटल्यास शुक्रवारी दोनदा जिना चढ.

ता. क. २ जिना चढू नकोस! आत्ताच मी भाड्याच्या सूटचं माप कळवायला फोन केला, तर तो माणूस म्हणाला, "ताई, फोन करायची तुमच्याकडे घराण्याची पद्धत आहे का? तुमचे वडील रोज विचारतात, भाड्याच्या सूटला शिवण एकेरी असते की दुहेरी." बाबांना सगळं पहिल्या दिवसापासून माहीत होतं! चामडं किती जाड हवं ते विचारायला काकांच्या फोनवरून फोन केला होता, तेव्हाच लेबलाचं कळलं. मी जाऊन विचारलं, "मग शिवलात कशाला?" ते इस्त्री फिरवतच म्हणाले, "तुझा गणवेशसुद्धा शाळेनं सांगितलेल्या दुकानातूनच घ्यायचा होता. शिवला नव्हता का? जाता-येता माझा घाल. तिथे त्यांचा घाल. मला तो तुझा वळणांचा रस्ता बघायचाय." मला त्यांचं तोंड बघायचं होतं. पण त्याला मान वर करावी लागते, आणि या सूटमध्ये ती होत नाही.

ता. क. ३ आत्या, घोटाळा झाला. बाबांची पिशवी मी उघडून पाहिली. त्यात तुझी कात्री आहे, सुया आहेत, काळा दोरा आहे. म्हणाले, "भाड्याचा सूट कुणाच्या मापाचा असतो? कुणाच्याच नाही. नुसता कमरेत घेतो, पाच मिनिटांत." नियम बाविसावा: भाड्याच्या सूटला टाचणीसुद्धा लावायची नाही. हा मी मोठ्यानं, पूर्ण, दोनदा वाचला. ते म्हणाले, "टाचणी कोण लावतंय?"

तेव्हा आता गुडघा दुखू देऊ नकोस, गुडघ्यासकट इकडेच ये. टेम्पोतली पुढची सीट काकांनी मागे सरकवून दिली आहे, पाय लांब करता येईल. ती कात्री त्यांच्या हातात तू ठेवली होतीस, ती काढूनही फक्त तूच घेऊ शकतेस. मी फेऱ्या मारत असेन तोवर ती तुझ्याकडे असू दे. टेप मात्र त्यांच्या गळ्यात राहू दे. ती नसली की ते हात कुठे ठेवू असं करतात.