आठला निघून बाराला

ता. ४ मार्च
चि. धाकट्यास, अ. उ. आ.

इकडे आम्ही मायलेकी ठीक. ठीक म्हणजे काय ते खाली लिहिते, आधी तुझा समाचार घेते.

काल हॉटेलच्या लाँड्रीत एका पाहुण्याचा कोट माझ्याकडे इस्त्रीला आला. खिशात विमानाचा छापील कागद. तुझ्याच गावाहून आमच्या गावाला. सकाळी आठला निघून दुपारी बाराला पोचलं, तारीख तीच. म्हणजे चार तास. माझ्या सकाळच्या चादरी होईस्तोवर माणूस तिकडून इकडे येतो, आणि तू सात वर्षं लांब लांब म्हणून रडतोस. बाबा गेले तेव्हाही हेच रडगाणं.

आता ठीकचं. माझ्या पित्ताच्या पिशवीत खडे झालेत. वीस एप्रिलला ऑपरेशन. पुढे पंधरा दिवस काही उचलायचं नाही म्हणे. आईला तर दिवसातून सहादा उचलून बसवावं लागतं. शेजारीण दोन दिवस बघते म्हणाली. उरलेले तेरा कोण बघणार? तू येत नसशील तर मी ऑपरेशन रद्द करते.

लोभ आहे, पण तो नुसत्या पत्रांवर किती दिवस जगणार?
तुझी ताई

ता. १५ मार्च
ती. ताईस, शि. सा. न.

पत्र वाचून आधी हसलो, माफ कर. त्या कागदावर निघायची वेळ इकडच्या घड्याळाची असते आणि पोचायची तिकडच्या. तुमचं घड्याळ आमच्यापेक्षा दहा तास मागे. वाट साडेअकरा हजार किलोमीटरची, लागतात चौदा तास. विमान सूर्याच्या मागे मागे पळतं, त्यामुळे सकाळ संपता संपत नाही.

एवढं लिहून पाकीट चिकटवलं होतं. मग परत फोडलं. ताई, तास तू चुकीचे मोजलेस, पण बोललीस ते खरं. बाबांच्या वेळी पोचता आलं असतं. त्यांच्याशी भांडून निघालो होतो. आईला कुठल्या तोंडाने भेटू, म्हणून लांबचं निमित्त केलं.

लिफ्ट दुरुस्तीच्या कामावरून तीन आठवडे रजा मागितली. साहेब कुरकुरले, पण दिली. सतरा एप्रिलला सकाळी निघतो. ऑपरेशन रद्द करू नकोस. आईला उचलायचं कसं ते शिकव.

माया आहे तेवढी राहू दे.
धाकटा

ता. २७ मार्च
चि. धाकट्यास, अ. उ. आ.

घड्याळाचं मला काही पटलं नाही, पण वाद घालायला वेळ नाही. चौदा तर चौदा. तुला बसूनच यायचंय.

बाबांचं मी तेव्हाच ओळखलं होतं. आईने तुझी बाजू घेतली म्हणून मी गप्प बसले. तू येतोयस हे तिला सांगितलं. म्हणाली, तो दारात यायच्या आधी मला खुर्चीत बसव, अंथरुणात बघायला नको.

उचलणं सोपं आहे. काखेत हात घालायचे आणि ती ओरडली तरी सोडायचं नाही. विमानतळावर मी येणार नाही, रजा ऑपरेशनलाच पुरायची नाही. सरळ घरी ये.

आणखी एक. मला त्या ऑपरेशनची भीती वाटते. कुणाला बोलले नाही. आल्यावर विचारू नकोस, मी नाहीच म्हणेन. त्या दिवशी शेजारीण तासभर आईजवळ बसेल. तू माझ्याबरोबर दवाखान्याच्या दारापर्यंत चल.

बाकी आशीर्वाद समोरासमोर.
तुझी ताई