डाव्या मुंढ्याची शिवण

दि. ४ मार्च
ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.
डाव्या स्तनात एक नाही, तीन गाठी निघाल्या. आपल्या घरात कधी कोणी एकटं येतं का? मोठी वाटाण्याएवढी, दोघी मुगाएवढ्या. कॅन्सरच आहे. रडू नकोस, गिऱ्हाइकांच्या कपड्यांवर डाग पडतील.

डॉक्टरीणबाईंना काखही तपासायची आहे. मी साफ नाही म्हटलं. गणिताची परीक्षा तोंडावर आहे आणि माझ्या वर्गाचे आधीच बारा वाजलेत. एवढ्याशा गाठी काखेपर्यंत कशाला जातील?

भाऊजींना नमस्कार. लोभ वाढावा, गाठी वाढू नयेत.
तुझी,
धाकटी

दि. ९ मार्च
चि. धाकटीस,
अ. उ. आ.
गाढवे! पण शेण मीही खाल्लंय. जानेवारीत तू ब्लाउज पाठवलास, डावा मुंढा काखेत काचतो म्हणून. तू जाड झालीस म्हणून मी खूप हसले आणि शिवण उसवून अर्धा इंच सैल करून दिली. तीस वर्षं मापं घेतेय. माणूस एकाच काखेत जाड होत नाही, एवढं मला कळू नये?

तिथे हाताला काहीतरी लागतंय आणि तू ते दडवते आहेस. उद्याच्या उद्या दाखव, नाहीतर तुझ्या मुख्याध्यापकांना सगळं कळवीन. राग उतरला की लोभ करीनच.
तुझी,
ताई

दि. १६ मार्च
ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.
जिंकलीस. काखेत गाठ होती. मी तिला घामोळं म्हणत होते. सुई घालून पाहिलं, कॅन्सर तिथवर पोहोचलाय.

डॉक्टरीणबाईंनी चित्र काढून समजावलं. गाठीतून सुटलेल्या पेशी बहुधा आधी काखेतल्या लसिकाग्रंथींत अडकतात, आणि गाठी जास्त असल्या की तिथे पोहोचण्याची शक्यताही जास्त. मी गणिताची बाई, पण फक्त मोठी गाठ मोजत बसले. पुढे फुप्फुसात, हाडांत काही दिसलं नाही. आता आधी औषधं, मग स्तन आणि त्या ग्रंथी काढणार. मी हो म्हटलंय.

सोमवारी पहिलं सलाईन. दुकान सोडून येऊ नकोस असं लिहायला बसले होते. ताई, मला फार भीती वाटते. ये.
तुझीच,
धाकटी

दि. १९ मार्च
चि. धाकटीस,
अ. उ. आ.
दुकानाला कुलूप लावलं. लग्नाचे कपडे अडकलेली नवरी ओरडतेय, ओरडू दे. हे पत्र स्टेशनवरच्या पेटीत टाकतेय. ते येईल तेव्हा पोस्टमनला दार मी उघडीन.
तुझी,
ताई