राजहऱ्याची सलामी

भिलाई, सेक्टर १०
दि. २१ ऑगस्ट १९६०

चि. धोंडबास,

मनाबाईचा आशीर्वाद. वि. वि. इकडे सर्व खुशाल. तुझी खुशाली शेषराव मास्तरांच्या हातून येत जावी.

हे माझ्या तोंडचं शालिकरामची पोरगी गीता लिहून राहिली. मॅट्रिकच्या वर्गात गेली तशी मी 'मले' म्हणलं की ही 'मला' लिहिते. मी सांगतलं, बाई, माझ्या भावाले कागदातून त्याची बहीण ऐकू आली पायजे, तुझी शाळामास्तरीण नाही. आता सरळ लिहितो म्हणते. मले वाचता येत नाही, म्हणून तिचं फावते.

तुझा भाचा शालिकराम प्लांटात फिटर आहे हे तुले माहीत आहे. माहीत नाही ते हे, की ड्युटी सुटली की तो रशियन लोकांच्या क्लबात नगारा बडवायले जाते. त्याले ते ड्रम म्हणते. एका रशियन इंजिनेराची बायको वेराबाई तिकडं गाणं-वाजवणं शिकवत होती म्हणे. तिनं त्यांचे व्हायोलिनवाले, आपले बँडवाले आणि आपला शालिकराम असे गोळा करून ऑर्केस्ट्रा काढला. दसऱ्याले मैदानात वाजवणार.

काल मी तालमीले गेली. वेराबाई सर्वांसमोर उभी राहून नुसती काडी हालवते, स्वतः काहीच वाजवत नाही. मले वाटलं, ही तर घरातली सासू. पण काडी वर गेली आणि जे निघालं त्यातून मले आपली गढी दिसली रे. आधी पितळ ललकारते, मग खालून व्हायोलिनं पुराच्या पाण्यासारखी चढत येते, मग नगारा, आणि मग सर्व मिळून असं चालते जसा झूल घातलेला हत्ती. मी पदर सावरून दाराकडं पाहिलं, कोण येऊन राहिलं म्हणून. चहावाला आला.

शालिकराम म्हणे, त्यांच्या कोण्या राजाच्या राज्याभिषेकासाठी हे रचलं होतं. राजा कुठं आहे विचारलं, तर त्याले कधीचाच हाकलला. राजा हाकलला पण बाजा ठेवला, हे मले पटलं. फक्त मधात एका जागी त्या राजाची स्वतःची धून होती, ती काढून टाकली. तिथं वेराबाई काडी खाली करते आणि सर्व गप. पडलेल्या दाताच्या जागी जीभ जाते, तसं माझं मन तिथंच जाऊन राहिलं.

शालिकरामनं तिले सांगून टाकलं की माझ्या मामाजवळ तुतारीवरची गादीची सलामी आहे, ती या खड्ड्यात नेमकी बसते. तिनं तुले बोलावलं. तर आढ्यावरून तुतारी काढ आणि ये. गढी गेली तेव्हापासून मी ती ऐकली नाही. माझा डावा कान तर गेला. उजवा जायच्या आधी ऐकायची आहे.

मास्तरांले नमस्कार, म्हशीले ढेप. लोभ आहेच, तो सोबत घेऊन ये.

तुझी मनाबाई

*

खैरी, ता. साकोली
दि. ३० ऑगस्ट १९६०

ती. मनाबाईच्या पायी,

धोंडबाचा दंडवत. वि. वि. पत्र पोचलं. शेषराव मास्तरांनी वाचून दाखवलं. चहावाल्याच्या ओळीपाशी ते इतके हसले की चष्मा पडला आणि एक काच तडकली. ती भरपाई तुझ्याकडे.

बाई, मी येतो, पण तुतारी येत नाही. तुले सर्व माहीत असून कावून विचारते? बाबाच्या हातून ती माझ्याकडे आली तेव्हा राजेसाहेबांनी स्वतः तिले लाल गोंडा बांधला होता. दसऱ्याले राजेसाहेब गादीची पायरी चढत तेव्हाच ती सलामी. दुसऱ्या कोणासाठी नाही. माझ्या स्वतःच्या लग्नात नाही वाजवली. तू तेव्हा भांडून जेवली नव्हती.

गढी गेली, राजेसाहेब गेले. त्यांचा नातू आता धानाची गिरणी चालवते. पोरगा चांगला आहे, पण गिरणीले सलामी देता येत नाही. रशियन लोकांनी आपल्या राजाची धून काढून टाकली, तो त्यांचा कारभार. त्यांनी केलेल्या खड्ड्यात मी माझा राजा कावून पुरू?

रागावू नको. रागावली तर दोन दिवसात विसर, नेहमीसारखी.

आज्ञाधारक (एवढी एक गोष्ट सोडून)
धोंडबा

*

भिलाई
दि. १२ सप्टेंबर १९६०

चि. धोंडबास,

आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र ऐकलं. दोन दिवसात विसरायचं होतं, म्हणून मुद्दाम दहा दिवसांनी उत्तर देऊन राहिली.

तुझ्या जागी वेराबाईनं एक क्लॅरिनेटवाला घालून पाहिला. पोट्टा गुणी आहे, पण तिथं त्याचं वाजवणं असं वाटते जसा बैठकीत कोणी हळूच सुपारी मागून राहिला. तिनं त्याले बसवलं. पुन्हा खड्डा. शालिकराम तर घरी आला की ताटावर बोटं वाजवते आणि त्या जागी येऊन थांबते. त्याची भाजी थंड होते, माझं डोकं गरम.

मी तुले आग्रह करत नाही. फक्त कानावर घालते. दसऱ्याले राजहरा येणार आहे. स्पेशल गाडीनं. समोरच्या सर्व खुर्च्या त्याच्यासाठी ठेवल्या. राजहऱ्यासमोर आपला ऑर्केस्ट्रा मधातच मुका झाला तर शालिकरामची मान खाली जाईल. बाकी तुझी मर्जी, तुझं आढं.

कान तसाच आहे. डाव्यानं आता फक्त प्लांटाचा भोंगा ऐकू येते.

लोभ कमी-जास्त तूच पाहून घे.

मनाबाई

*

खैरी
दि. १९ सप्टेंबर १९६०

ती. मनाबाईस,

धोंडबाचा शिरसाष्टांग दंडवत. वि. वि. अशी कशी तू बाई. राजा येणार आहे हे पहिल्याच पत्रात कावून नाही सांगतलं? मास्तरांनी पारावर वाचलं, 'दसऱ्याले राजा येणार आहे, स्पेशल गाडीनं', आणि सारं गाव गोळा झालं. कुठला राजा ते तू लिहिलं नाही. मास्तर म्हणे मोठ्या माणसाचं नाव आधी फोडायची रीत नसते. मी म्हणलं, कुठला का असेना, गादीवरचा आहे ना.

तुतारी काढली. तोंडात गांधीलमाशीनं घर केलं होतं, तिले हात जोडून बाहेर काढलं. चिंच-राखेनं घासली तर तिच्यात आपलं तोंड दिसते. पहिल्या दिवशी ओठच बसेना, नुसती हवा. दुसऱ्या दिवशी बांधावर उभा राहून फुंकली तर शेजारच्याचे बैल नांगरासकट पळाले. म्हणजे जमलं.

फेटा रंगवून घेतला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी गोंदियाहून गाडीत बसतो. शालिकरामले दुर्गच्या ठेसनावर उभा ठेव. राजासमोर उभं राहायचं म्हणून आत्तापासून रोज फेटा बांधून पाहतो. मले वाटलं होतं, हे सुख संपलं.

तुझाच, पुन्हा कामावर लागलेला
धोंडबा

*

भिलाई
दि. २२ सप्टेंबर १९६०

चि. धोंडबास,

आशीर्वाद. वि. वि. हे पत्र नीट बसून ऐक. आणि मास्तरांले सांग, तडकलेल्या काचेतून नको, दुसऱ्या काचेतून वाचा.

राजा येणार नाही. मी राजहरा म्हणलं होतं. राजहरा ही खाण आहे. तिथून लोखंडाचा लाल दगड निघते, आणि तोच आमच्या भट्टीत जाते. दसऱ्याले तिथले खोदणारे, टोपल्या वाहणाऱ्या बाया, सर्व मेहमान म्हणून येणार. गीतानं बरोबर लिहिलं होतं. मास्तरांच्या चष्म्यात मधातली दोन अक्षरं पडली, आणि खाणीचा राजा झाला.

तुझं पत्र वाचता वाचता गीता थांबली. मग म्हणे आजी, काही कळवू नको, येऊ दे, आल्यावर काय परत जाते? शालिकरामचंही तेच मत. मी सुद्धा म्हणलं, बरं. मग पोळ्या करायले बसली आणि दोन करपवल्या. तू रंगवलेला फेटा बांधून उभा राहशील, तुतारी ओठाले लावशील, आणि डोळ्यांनी खुर्च्यांमधून राजा शोधशील. ते डोळे मले पाहायचे नाही. उजवा कान गेला तरी चालते.

म्हणून सांगून टाकलं. आता यायचं का नाही, ते तू ठरव. शालिकराम दुर्गले उभा राहील. तू उतरला नाही तर एकटा घरी येईल, मी काही म्हणणार नाही. आणि मी काही म्हणत नाही असं कधी होते ते तुले माहीत आहे, त्यावरून समज.

तुझी मनाबाई

*

भिलाई
दि. ४ ऑक्टोबर १९६०

चि. धोंडबास,

आशीर्वाद. वि. वि. असा कसा रे तू. पत्राचं उत्तर नाही, एकदम ठेसनावर फेटा. आला, वाजवलं, आणि सकाळी म्हैस गाभण आहे म्हणून पहिल्या गाडीनं गेला. माझ्याजवळ बसला किती, तर पोहे खाईपर्यंत. जे विचारायचं राहिलं ते कागदावर विचारते.

आधी वाजवण्याच्या नादात तुले जे दिसलं नसेल ते सांगते. खुर्च्यांवर राजहऱ्याचे लोक घासून-पुसून बसले होते, तरी कानाच्या पाळ्यांत लाल धूळ होतीच. वेराबाईनं काडी उचलली, हत्ती निघाला, आणि ती जागा आली. काडी खाली. आणि तुझी सलामी उठली.

मग माझे पाय माझे राहिले नाही. गढीत सलामी झाली की उभं राहायचं, पदर घ्यायचा, तसं मी उभी राहिली. साऱ्या मैदानात एकटी म्हातारी उभी. गीता लुगडं ओढून राहिली, आजी बस म्हणून. तेवढ्यात राजहऱ्याच्या बाया मले पाहून उठल्या. बाया उठल्या म्हणून माणसं उठले. ते उठले म्हणून रशियन साहेब उठले, त्यांले वाटलं ही या देशाची काही रीत असेल. सारं मैदान उभं, समोर राजा नाही, आणि कोणाले विचारायची हिंमत नाही. नंतर एका साहेबानं शालिकरामले विचारलं, हे कोणत्या राजाचं. तो म्हणे, आमच्या घरचं.

तू थांबला तरी वेराबाईची काडी खालीच होती. ती विसरली. मग शालिकरामनं नगाऱ्यावर एक दिली, तेव्हा सर्व पुन्हा चालले.

आता विचारायचं ते. सलामी देताना राजाकडं तोंड करायचं असते, हे तूच मले शिकवलं. खुर्च्या तुझ्यासमोर होत्या. त्यांच्याकडून तोंड फिरवून तू बायांच्या सतरंजीकडं कावून वळला? सेक्टरमधले लोक म्हणून राहिले, म्हाताऱ्याले दिशा समजली नाही. मी त्यांच्याशी भांडली. पण भांडायले खरं कारण असलं तर बरं पडते.

लोभ आहे. पोहे खाईपर्यंतचा नाही, पूर्ण जेवणाचा.

मनाबाई

*

खैरी
दि. ११ ऑक्टोबर १९६०

ती. मनाबाईच्या पायी,

धोंडबाचा दंडवत. वि. वि. म्हैस सुखरूप व्याली, पारडी झाली. नाव राजहरा ठेवलं. मास्तरांनी नवी काच बसवली आणि आता सर्व पत्रं पहिल्यापासून वाचतो म्हणते.

तुझं खरं सांगणारं पत्र वेळेवर पोचलं होतं. मास्तरांनी वाचून चष्मा काढून ठेवला. मी तुतारी परत टांगायले उठलो. हात वर नेला तर पितळात आपलंच तोंड दिसलं, म्हातारं आणि फुगलेलं. बांधावर रोज फुंकून फुंकून ओठ सुजले होते ना. म्हणलं, एवढं केलं ते काय गांधीलमाशीसाठी? उत्तर लिहायले मास्तर मोकळे नव्हते, म्हणून स्वतःच आलो.

भांडायले कारण मागितलं ते देतो. दिशा बरोबर होती. मैदानात आलो तसं मी पहिल्यांदा गीताले विचारून घेतलं, आजी कुठं बसली. तू सतरंजीच्या टोकाले होती, आणि मी जागेवरून सरळ वाजवलं असतं तर सलामी तुझ्या डाव्या कानावर गेली असती.

म्हणून थोडा पुढं सरकलो आणि तिकडं तोंड केलं जिकडं तुझा उजवा होता. पोचली का, एवढंच कळव.

तुझा
धोंडबा