मामाच्या गाडीची किल्ली

आप्पा, तुमच्याशी बोलायचं काही राहून गेलंय असं मला परवाच्या धुळवडीपर्यंत कधी वाटलं नव्हतं. परवा आईनं भाकरी थापता थापता एक गोष्ट सांगितली आणि तेव्हापासून तुम्ही डोळ्यांसमोरून हलत नाही.

धुळवडीला सगळं भांडगाव घरोघरी मटणावर ताव मारायचं आणि तुम्ही हायवेवर नाकाबंदीला उभे. तेव्हा फुंकायचं यंत्र आलं नव्हतं. हवालदाराचं नाक हेच यंत्र. गाडी बाजूला घ्यायला लावायची, तोंड उघडून 'हा' करायला सांगायचं आणि वास घ्यायचा. आयुष्यात थेंबाला न शिवलेला माणूस सणासुदीला लोकांची दारू हुंगत फिरतो, म्हणून मी तुम्हाला चिडवायचे. तुम्ही हसायचात. पण वास आला की किल्ली काढून घ्यायचात आणि सांगायचात, घरचं कुणी शुद्धीवरचं माणूस घेऊन ये, मग गाडी ने.

एका धुळवडीला मामा भर दुपारी कासुर्डीहून मोटरसायकलवर आला, बहिणीसाठी मटणाचा वाटा घेऊन. मी तेव्हा शाळकरी पोर होते. त्यानं दारातच डबा दिला, आईच्या हातून तांब्याभर पाणी प्यायला आणि निघाला. पुढं रस्त्यावर तुम्ही. सख्ख्या मेव्हण्याला सोडलं असतंत तर कुणी काही म्हटलं नसतं. तुम्ही किल्ली काढलीत. मामा साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत कामाला. तो म्हणाला, "दाजी, पाळी करून आलोय. कापडांचा वास हाय त्यो." जमलेली माणसं हसली. तुम्ही ऐकलं नाहीत, आणि तो गावासमोर मान खाली घालून उन्हातून चालत गेला.

संध्याकाळी तुम्ही जेवायला बसलात, पण घास काही घेतला नाहीत. आईला विचारलंत, "तू जवळनं बघितलंस त्याला. घेतली व्हती का त्यानं?"

आई चुलीकडे तोंड करून म्हणाली, "न्हाई. कापडांचाच वास."

दुसऱ्या दिवशी तुम्ही साध्या कपड्यांत गाडी घेऊन कासुर्डीला गेलात, माफी मागायला. मामा बाहेर आलाच नाही. मामीच्या हाती किल्ली देऊन तुम्ही परतलात. त्या दिवाळीत भाऊबीजेला तो फिरकला नाही. भाऊ जवळच्या गावात जिवंत असताना आईनं अंगणात उभं राहून चंद्राला ओवाळलं, आणि पुढंही दर वर्षी तेच. ती निरांजन घेऊन बाहेर गेली की तुम्ही आतल्या खोलीत जाऊन बसायचात. धुळवड आली की साहेबांकडून दुसरी ड्यूटी मागून घ्यायला लागलात. नाकाचा भरवसा राहिला नाही, म्हणायचात. शेवटी दवाखान्यातही तुम्ही मामाबद्दलच विचारत होतात. एका निर्दोष माणसाला आपण चारचौघांत दारुडा ठरवलं, हे तुमच्या मनातून गेलंच नाही.

परवा मी आईला सहज म्हटलं, आप्पांचं आयुष्यात तेवढं एकच चुकलं. तिचा हात परातीतच थांबला.

"चुकलं न्हवतं," ती म्हणाली. "पाणी देतानाच मला वास आलता. म्हटलं, सणाचा दिवस, जाईल हळूहळू. मीच त्याला गाडीवर बसू दिला, आन् ह्यांनी धरला. मंग कोणत्या तोंडानं सांगायचं?"

मग तिनं भाकरी तव्यावर टाकली. मला आधी तिचा संतापच आला. तुमचा स्वतःवरचा विश्वास तिच्या एका 'न्हाई'नं गेला होता. पण मग तो चंद्र आठवला आणि निरांजन धरलेले तिचे हात आठवले. तिनंही हे काही सुखानं लपवलं नव्हतं. आता ती थकली आहे, आणि मामा येतो अधूनमधून. दोघं बोलत काही नाहीत, नुसती शेजारी बसतात.

आप्पा, तुमचं नाक बरोबर होतं. हे तुम्हाला कळायलाच हवं होतं, म्हणून लिहायला बसले. पण खरं सांगू, आज तुम्ही बाहेर ओट्यावर बसलेले असतात, तर आईकडे बघून मीही तुम्हाला हे सांगितलं नसतं.