बादलीत माझा हात

यॉर्कशायर, रविवार

प्रिय आईला या थंडीतून फेलेतीचा नमस्कार,

ताई फोनवर म्हणाली, पेपरातला माझा फोटो टोंगाभर फिरतोय आणि माझ्या मदतीसाठी तू मोठी डुकरीण विकायला काढली आहेस. आई, डुकरीण विकू नकोस!

बारा वर्षं मी इथे रग्बी खेळतोय. जिंकलो तेव्हा एकही कॅमेरावाला इकडे फिरकला नाही. आता क्लब बुडतोय म्हटल्यावर सगळे फाटकाशी हजर! एकाने विचारलं, "पगार नाही, मग खाता काय?" मी म्हटलं, "तू माझं डोकं खातोयस, तेवढं पुरे."

काल क्लब वाचवायला चाहत्यांनी मैदानात वर्गणीची बादली फिरवली. आपल्या चर्चमध्ये वर्गणी गोळा करताना कोणी हात बांधून बसतं का? बादली माझ्यासमोर आली, तेव्हा मीही वीस पौंड टाकले. नेमका तेवढ्यात फोटो निघाला. खाली छापलं काय, तर "उपाशी खेळाडूने चाहत्यांच्या बादलीत हात घातला"!

मी तडक पेपरात फोन लावला. पत्रकार हसला. "अरे बाबा, पगार थकलेला माणूस उलट स्वतःच पैसे टाकतो, यावर कोण विश्वास ठेवणार?"

तू ठेव. पगार थोडा लांबलाय, इतकंच. शेजारच्या डोरीनबाई रोज सूप आणून देतात. बाबांचा गुडघा कसा आहे?

आणि तो फोटो फाडू नकोस. बाबांचा चष्मा लावून नीट बघ. माझी मूठ उघडी आहे.

तुझाच,
फेलेती