बेसिमने विचारलं, जाऊ का?

लाइपझिग, नोव्हेंबर १९६१

ती. नानांना श्रीपादचा साष्टांग नमस्कार.

प्रकृती उत्तम. आईला सांगा, दोन-दोन स्वेटर घालतो. तिचे गुडघे कसे आहेत?

शेजारच्या खोलीतला अल्बानियन बेसिम आठवतो ना? मायदेशी ऑपेराचा, म्हणजे त्यांच्या संगीत नाटकाचा, वाद्यवृंद चालवायचा. इथे शिकता शिकता स्वतःचा ऑपेरा लिहीत होता. परवा त्यातल्या चाली पियानोवर ऐकवल्या. मग म्हणाला, "सरकारने परत बोलावलंय. गेलो तर हा पुरा होईलसं वाटत नाही. जाऊ का?"

चाली अजून कानात होत्या; मी 'नको' म्हणून नुसती मान हलवली.

सकाळी खोली रिकामी! घडलेलं सांगितल्यावर घरमालकीणबाई म्हणाल्या, "अहो, त्यांच्यात मान आडवी हलवली की होकार!"

माझ्यामुळे गेला, की त्याचं आधीच ठरलं होतं? काही कळेनासं झालंय. स्वरलिपीच्या वह्या माझ्या दाराशी ठेवून गेलाय. त्यांचं मी काय करू?

प्रोफेसर मला आणखी तीन वर्षं राहा म्हणतात. नाना, बोटीवर चढताना मी "जाऊ ना?" विचारलं, तेव्हा तुम्हीही नुसती मान हलवली होतीत. हो म्हणालात, की नको? एवढं शब्दांत कळवा.

तुमचा,
श्रीपाद